वाचक विचारतात : ज्वालामुखी फुटतो तो कशामुळे?

गेल्या अंकात सह्याद्रीच्या काळ्या कातळावर दोन पाने छापली होती. त्यावर आलेली बरीचशी पत्रे कातळावरून थेट ज्वालामुखीकडे वळली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी गाव तेवढे दिले आहे.

प्रश्न : आमच्या मळ्यात विहिरीचे काम चालू असताना चाळीसेक फुटांवर भोकाभोकांचा दगड लागला. कित्येक भोकांत पांढरे, चमकदार खडे बसलेले होते. हा दगड लाव्हाचा आहे, असे माझी मुलगी शाळेच्या पुस्तकावरून सांगते. मग टीव्हीवर दाखवतात तसे डोंगर फुटण्याचे प्रकार आपल्याकडेही झाले होते का? (एक शेतकरी, सिन्नर तालुका)

मुलीचे म्हणणे बरोबर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरावर थर साचले. ती भोके म्हणजे लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या जागा होत. जमिनीवर पसरत असतानाही लाव्हात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू शिल्लक होते. ते वर सरकत होते, पण भोवतालचा रस थिजला आणि बुडबुडे जेथल्या तेथे अडकले. म्हणूनच एखाद्या थराच्या माथ्याकडे भोके दाट दिसतात आणि मधला भाग घट्ट, काळा असतो. सुरुंगाचा खर्च कोणत्या भागात वाढतो, हे विहिरी खोदणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले पाणी फिरले आणि तेथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशा खनिजांचे स्फटिक वाढले. आपल्याच सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. मुलीला घेऊन एकदा तेथे जावे आणि विहिरीतला एक खडाही बरोबर न्यावा.

आता डोंगर फुटण्याविषयी. आपल्याकडचा बहुतेक लाव्हा फुटून बाहेर आलेला नाही, तो वाहून आलेला आहे. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि दूरवर पसरला. धुळे-नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या सरळ भिंतीसारख्या ज्या रांगा दिसतात, त्या अशा भेगांतच थिजून राहिलेल्या रसाच्या आहेत. भेगांवर लाव्हाची कारंजी उडाली असणार, परंतु पर्वताचा माथा उडवून देणारे स्फोट हा या लाव्हाचा स्वभाव नव्हता. अपवाद आहेत. गुजरातेतील पावागडावर वेगळ्या, दाट जातीच्या शिलारसाचे खडक सापडतात आणि मुंबई परिसरात राखेपासून बनलेले थर आहेत. नाशिकचा कातळ मात्र मुख्यतः बेसॉल्ट आहे आणि बेसॉल्टचा रस पातळ असतो.

हे पातळ-दाट प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत. जमिनीखाली वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात आणि तोच बाहेर आला की लाव्हा. शिलारसात सिलिका किती आहे, यावर त्याचा दाटपणा पुष्कळसा ठरतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांना धरून साखळ्या आणि जाळी विणतात, त्यामुळे सिलिका जितकी जास्त तितका गुंता जास्त. बेसॉल्टमध्ये ती साधारण निम्मी असते आणि त्याचे तापमानही अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस असते, म्हणून तो मधापेक्षा काहीसाच दाट असतो. रायोलाइट नावाच्या शिलारसात सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक आणि तापमान सातशे ते साडेआठशे अंश, तेव्हा तो पाण्याच्या अब्जपट दाट असणे ही काही विशेष गोष्ट नव्हे.

आकडा काढून पाहिला म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पातळ बेसॉल्टमधून ताशी आठ-नऊ सेंटिमीटर वर चढेल. तोच बुडबुडा पाण्याच्या अब्जपट दाट रायोलाइटमध्ये वर्षभरात चार सेंटिमीटरही धड चढणार नाही. बेसॉल्टमध्ये लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मोठा बुडबुडा तर झपाट्याने वर निघतो. म्हणजे पहिल्या रसात वायूला घरचा दरवाजा उघडा आहे आणि दुसऱ्यात तो कोंडून पडलेला आहे.

स्वयंपाकघरात याचा अनुभव रोज येतो. पातळ कढी मंद आचेवर असली तर बुडबुडे गुपचूप वर येऊन विरतात, पण पिठले रटरटू लागले की हातावर चटके बसतात. इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोली बेटावरचा ज्वालामुखी शतकानुशतके असाच रटरटतो आहे. नळीतून वायूचा एक मोठा फुगा वर येतो, पृष्ठभागावर फुटतो, लाव्हाचे गोळे उडतात आणि दहा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत आले आहेत. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातील बॅरन बेटावरचा, साधारण याच जातीचा आहे.

प्रश्न : वर्गात ज्वालामुखीचा धडा शिकवताना मी सोड्याची बाटली हलवून उघडून दाखवते. एका सहकाऱ्यांच्या मते प्रेशर कुकरचे उदाहरण अधिक योग्य आहे. आपले मत काय? (एक शिक्षिका, नाशिकरोड)

आपली बाटली योग्य आहे. कुकरची उपमा पाठ्यपुस्तकांबाहेर फार चालते, पण मला ती कधीच पटली नाही. कुकरमध्ये वाफ वेगळी आणि तांदूळ वेगळा असतो. वाफ मोकळ्या जागेत जमते आणि झाकणाला ढकलते. ज्वालामुखीच्या पोटात मात्र वाफेने भरलेली पोकळी नसते. वायू शिलारसातच विरघळलेला असतो, सोड्यात असतो तसा. बंद बाटलीत बुडबुडे दिसत नाहीत, कारण दाबाखाली वायू द्रवात मुरलेला असतो. गोटी सोड्याची गोटी आत दाबताक्षणी दाब उतरतो आणि वायू द्रवातून सुटू लागतो. शिलारसाचेही नेमके हेच आहे. तेथे गोटीचे काम वरचा खडक करतो.

एक किलोमीटर जाडीचा खडक सुमारे अडीचशे वातावरणांइतका दाब टाकतो. सात-आठ किलोमीटर खोलीवर हा दाब दोन हजार वातावरणांपर्यंत जातो आणि तेवढ्या दाबाखाली रायोलाइटी शिलारसात वजनाच्या सुमारे सहा टक्के पाणी विरघळून राहू शकते. पृष्ठभागावर हीच मर्यादा एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली येते. अर्थात, वर चढताना जवळजवळ सगळेच पाणी वाफ होऊन बाहेर पडायला हवे. कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या मानाने फारच कमी विरघळतो, म्हणून तो खोलवरच सुटायला लागतो आणि पुष्कळदा सर्वांत आधी पृष्ठभागावर पोहोचतो.

या सहा टक्क्यांकडे दुर्लक्ष होते, कारण आकडा लहान दिसतो. एक किलो पाण्याची नऊशे अंशांची वाफ साध्या हवेच्या दाबाला पाच घनमीटरांपेक्षा जास्त जागा व्यापते. एक घनमीटर रायोलाइटमध्ये पाच टक्के पाणी धरले, तर ते शंभर किलोंहून अधिक भरते. ते सगळे वाफ होऊन पृष्ठभागावर मोकळे झाले, तर त्या एका घनमीटर रसाची जागा सहाशे घनमीटर वाफ घेते. एका मोठ्या ट्रंकेत मावणारा रस दोन मजली बंगल्याएवढा व्हावा, असे हे प्रमाण आहे.

आता बाटलीची उपमा जेथे तोकडी पडते तेही मुलांना सांगावे. सोडा पातळ आहे. त्यातले बुडबुडे पळून जातात आणि खाली साधे पाणी उरते. बाटलीत सोड्याऐवजी काकवी असती आणि तिच्यात तितकाच वायू मुरवलेला असता, तर बुडबुडे जेथे जन्मले तेथेच फुगत राहिले असते आणि सगळी काकवीच फेस होऊन वर आली असती. दाट शिलारसात हेच घडते. बुडबुडे रसातून वर जात नाहीत, तर रसाला बरोबर घेऊन वर जातात. फेस हलका, म्हणून तो आणखी वेगाने चढतो. चढला की दाब आणखी उतरतो, दाब उतरला की बुडबुडे आणखी फुगतात. चुलीवरचे दूध जसे शेवटच्या क्षणी एकाएकी वर येते, तशी ही गती एकदा लागली की ती स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

येथपर्यंत रस अजून द्रवच आहे. स्फोट होतो तो यापुढच्या पायरीवर. फेसातील वायूचा वाटा घनफळाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला की बुडबुड्यांमधल्या भिंती अतिशय पातळ होतात. त्याच वेळी पाणी निघून गेल्यामुळे उरलेला रस पूर्वीपेक्षा कितीतरी पट दाट झालेला असतो, कारण विरघळलेले पाणी सिलिकेच्या साखळ्या तोडून रसाला पातळ ठेवत होते. चिक्कीचा पाक करणाऱ्यांना पुढचे ताबडतोब कळेल. निवत आलेला पाक हळू ओढला तर तार निघते, झटका दिला तर तो काचेसारखा तुटतो. शिलारसालाही वाहायला सवड लागते. त्या सवडीपेक्षा वेगाने तो ताणला गेला की द्रव असूनही तो घन पदार्थासारखा फुटतो. त्या क्षणी चित्र उलटते. तोपर्यंत रसात वायूचे बुडबुडे होते, आता वायूत रसाचे तुकडे आहेत आणि तो वायू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने नळीतून वर निघतो. वरचा भाग उडून गेल्यामुळे खालच्या फेसावरचा दाब उतरतो, मग तो फुटतो, मग त्याच्या खालचा.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा असाच उद्रेक झाला. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने तो खाडीपलीकडून पाहिला आणि आकाशात चढलेल्या ढगाला त्याने पाइन वृक्षाची उपमा दिली. सरळ बुंधा आणि वर पसरलेल्या फांद्या. त्याच्या नावावरून अशा उद्रेकांना प्लिनियन म्हणतात. तो बुंधा पंचवीस-तीस किलोमीटर चढतो, तो केवळ स्फोटाच्या जोरावर नव्हे. वाटेत ओढून घेतलेली हवा तप्त राखेने तापून हलकी होते आणि ती सगळ्यांना वर नेते. पुरेशी हवा मिसळली नाही, तर स्तंभ स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि राख व वायूंचा शेकडो अंश तापलेला लोट उतारावरून धावतो. ज्वालामुखींनी माणसे मारली आहेत ती लाव्हाने थोडी आणि अशा लोटांनी फार. १९०२ च्या ८ मे रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर पेले पर्वताच्या लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवले आणि सुमारे २८ हजार माणसे गेली.

प्रश्न : एकच ज्वालामुखी कधी फुटतो आणि कधी नुसता लाव्हा ओततो, असे वाचले. रस तोच असताना असे का व्हावे? (पदवीचा विद्यार्थी, पंचवटी)

या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे, कारण वर सांगितलेली ‘दाट तो फुटतो, पातळ तो वाहतो’ ही विभागणी येथे अपुरी पडते. दाटपणा महत्त्वाचा आहेच, परंतु खरी शर्यत दोन वेगांची असते. रस किती वेगाने चढतो आणि वायू किती वेगाने त्यातून निसटतो. रस सावकाश चढला तर दाट रसातूनसुद्धा वायूला वाट सापडते. बुडबुडे एकमेकांना लागतात, त्यांच्या भिंती फुटून सलग मार्ग तयार होतात, नळीच्या कडेच्या भेगांतून वायू बाजूच्या खडकात झिरपतो आणि शेवटी जो रस बाहेर येतो तो बहुतांशी निर्वायू, बसका असतो. त्याचा मुखाशी घुमट होतो.

चिलीतील चैतेन ज्वालामुखी २००८ च्या मे महिन्यात जागा झाला तेव्हा रायोलाइटचा रस पाच किलोमीटरांहून खोल जागेपासून साधारण चार तासांत वर आला, असा अंदाज त्यातील स्फटिकांवरून बांधला गेला. इतक्या घाईत वायूला निघायला सवड कोठून मिळणार? आधी स्फोट झाले, पण पुढे त्याच रसाचा घुमट शांतपणे वाढू लागला. चिलीतच २०११ मध्ये कॉर्डोन कोये येथे तर आणखी नवल दिसले. एकाच मुखातून राखेचे फवारे आणि लाव्हाचा प्रवाह एकाच वेळी निघत होते. ‘स्फोटक’ आणि ‘शांत’ हे दोन स्वतंत्र वर्ग मानणाऱ्यांची त्यामुळे थोडी पंचाईतच झाली.

शर्यत बाहेरूनही बिघडू शकते. अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताच्या पोटात १९८० च्या वसंतात दाट शिलारस घुसला आणि वाटेतच थांबला. त्याच्या दाबाने उत्तरेची बाजू दिवसाला दीड-दोन मीटर फुगत होती. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली बाजू घसरली. सुमारे अडीच घन किलोमीटर डोंगर एका दमात खाली गेला. रसाच्या डोक्यावरचे ओझे काही सेकंदांत उतरले. बाटलीचे बूच उडाले म्हणावे तर येथे बाटलीची एक बाजूच गळून पडली होती. त्यामुळे पहिला स्फोट वर न जाता आडवा गेला, मैलोगणती जंगल काड्यांसारखे झोपले आणि ५७ माणसे मेली. पर्वताची उंची सुमारे चारशे मीटरने घटली. त्यानंतर १९८६ पर्यंत त्याच कुंडात लाव्हाचा घुमट टप्प्याटप्प्याने वाढत राहिला, आणि तो बहुतेक वेळा निवांतपणे.

उलटही होते. वायू निघून गेलेला रस नळीच्या तोंडाशी थिजतो, त्यात बारीक स्फटिक वाढतात आणि पक्के बूच बसते. खाली वायू जमत राहतो, बूच तुटते, स्फोट होतो, पुन्हा बूच बसते. जपानच्या साकुराजिमाचे लहान लहान स्फोट वर्षानुवर्षे या पद्धतीने चालले आहेत.

पातळ बेसॉल्टही हमखास शांत नसतो, हे येथेच नोंदवतो. न्यूझीलंडचा तारावेरा १८८६ मध्ये बेसॉल्टच्या रसानेच भयंकर फुटला. पुरेशा वेगाने वर ढकलला गेला आणि त्यात झटकन बारीक स्फटिक वाढले, तर पातळ रसही दाटासारखा वागतो. शिवाय पाणी बाहेरूनही मिळू शकते. समुद्राचे किंवा भूजलाचे पाणी तप्त रसाला भिडले की त्याची क्षणात वाफ होते आणि रसाच्या स्वतःच्या वायूची वाटच पाहावी लागत नाही. टोंगातील हुंगा टोंगा हा समुद्राखालचा ज्वालामुखी १५ जानेवारी २०२२ रोजी फुटला तेव्हा त्याचा ढग सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला आणि त्याने स्थितांबरात कोट्यवधी टन पाण्याची वाफ नेऊन सोडली.

प्रश्न : आमच्या भागात फेसाळत्या वाईनच्या बाटल्या भरतात, तेव्हा कोंडलेल्या वायूचा जोर आम्हाला ठाऊक आहे. ज्वालामुखीला आधीच बोअर मारून वायू काढून टाकता येणार नाही का? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

बोअर मारून झालेली आहे, पण हेतू वेगळा होता. आइसलँडमधील क्राफ्ला येथे २००९ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोल विहीर घेत असताना अवघ्या २.१ किलोमीटरवर छिन्नी थेट रायोलाइटच्या शिलारसात शिरली. आपल्याला वाटेल की आता उद्रेक होणार. झाले एवढेच, की बोअरच्या थंड पाण्याने रस जागीच थिजला आणि काचेचे तुकडे होऊन वर आला. काही घन किलोमीटर दाट रसाला वीत-दीड वीत रुंदीचे भोक पाडून वायू निघत नाही, कारण वायू भोकापर्यंत यायला हवा आणि बुडबुड्याचा वेग आपण वर पाहिलाच. वर्षाला चार सेंटिमीटर.

जेथे द्रव पातळ आहे तेथे मात्र आपली युक्ती चालते आणि प्रत्यक्ष चालवलेली आहे. कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी ज्वालामुखी मुळाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून साठत होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम सुटला, जड वायू दऱ्यांतून खाली वाहिला आणि सतराशेहून अधिक माणसे व हजारो गुरे गुदमरली. तेथे लाव्हा नव्हता आणि आगही नव्हती. नुसते सोड्यासारखे पाणी होते. २००१ मध्ये सरोवराच्या तळापर्यंत पाइप सोडला. एकदा तळचे पाणी थोडे वर ओढले की सुटणारे बुडबुडेच पुढचे पाणी वर खेचतात, आणि कारंजे पंपावाचून चालू राहते. वायूचा जोर मोडण्यासाठी वायूचाच जोर वापरलेला असा दुसरा उपाय मला आठवत नाही.

प्रश्न : वायूवरून उद्रेकाचा अंदाज बांधता येतो का? (सेवानिवृत्त अधिकारी, गंगापूर रोड)

येतो, पण वाचन सरळ नसते. फिलिपिन्सच्या पिनाटुबोवर १९९१ च्या मे महिन्यात सल्फर डायऑक्साइड मोजत होते. महिन्याच्या मध्यापासून अखेरीपर्यंत ते सुमारे दहापट वाढले. ताजा रस वर येत असल्याची ती खूण होती. त्यानंतर ते एकाएकी घटले. अनभ्यस्त माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला असता. अभ्यासकांना उलट काळजी वाटली, कारण भूकंप चालूच होते. वायूचे मार्ग बुजत आहेत आणि आत दाब वाढतो आहे, असा अर्थ त्यातून निघत होता. हजारो लोकांना हलवले गेले. १५ जूनला मुख्य उद्रेक झाला, राख पस्तीस किलोमीटर किंवा त्याहून उंच गेली आणि सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात पोहोचला. पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. जे मृत्यू झाले त्यांतील बरेचसे छपरे कोसळून झाले. त्याच दिवशी तेथे चक्री वादळ आले होते आणि पावसात भिजलेली राख घरांना पेलली नाही.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात पुन्हा ज्वालामुखी जागा होईल का? कळवणकडे धक्के बसतात म्हणून विचारतो. (ओझर)

नाही. येथे जमिनीखाली उद्रेकाच्या वाटेवर असलेला शिलारस नाही. दळवट परिसरातले सौम्य धक्के भूकवचातील जुन्या भेगांवरच्या ताणाचे आहेत, त्यांचा लाव्हाशी संबंध नाही.

प्रश्न : ज्वालामुखीची राख म्हणजे नेमके काय जळून उरलेले असते, आणि ती आपल्याकडे कोठे पाहायला मिळेल? (दहावीची विद्यार्थिनी, सिडको)

काहीच जळलेले नसते. आपल्या भाषेने येथे दोनदा दिशाभूल केली आहे. ‘ज्वालामुखी’ म्हटल्यावर ज्वाळा डोळ्यांसमोर येतात आणि ‘राख’ म्हटल्यावर चूल. प्रत्यक्षात ती राख म्हणजे फुटलेल्या फेसाचा चुरा आहे, दोन मिलिमीटरांहून बारीक. त्यात काचेचे, स्फटिकांचे आणि खडकाचे कण असतात. म्हणून ती पाण्यात विरघळत नाही, डोळ्यांत गेली तर खुपते आणि विमानाच्या इंजिनात गेली तर वितळून आत चिकटते. १९८२ च्या जूनमध्ये जावा बेटावरून जाणाऱ्या एका जंबो विमानाची चारही इंजिने अशाच राखेने बंद पडली होती. विमान बरेच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि सगळे सुखरूप उतरले. फेसाचे जे तुकडे चुरा न होता अखंड राहतात तो प्युमिस, टाचा घासायला वज्रीच्या जागी वापरतात तो हलका दगड. त्यातली बहुतेक जागा बुडबुड्यांची असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटल्यावर असे दगड तरंगत हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले होते.

अशी राख पाहायला फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. ती सह्याद्रीची नाही. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून ती बंगालचा उपसागर ओलांडून वाऱ्यावर आली. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा आहे, परंतु बोरीचा थर त्याचाच की टोबाच्या आणखी जुन्या उद्रेकाचा, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. शाळेची सहल पुण्याकडे जाणार असेल तर शिक्षकांना हे ठिकाण सुचवावे. थर खरवडू नये. वाहून खाली आलेली चिमूटभर राख कागदावर घ्यावी आणि शाळेत परत आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. तीत काचेचे वक्र पापुद्रे दिसतील आणि काही कण तीन पायांचे, इंग्रजी वाय अक्षरासारखे असतील. तीन बुडबुडे जेथे एकमेकांना टेकले होते, तेथली भिंत तुटून तो कण झालेला असतो. सिन्नरच्या विहिरीतल्या दगडात बुडबुड्याची पोकळी शिल्लक आहे. येथे पोकळी फुटून गेलेली आहे आणि तिची भिंत तेवढी हाती लागते.